नावाड्याची नोकरी

"नावाड्याला नोकरी दिली कुनी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"सरकारनं."

"कुटं लिवलंय?"

"उत्तरात लिहिलंय."

"उताऱ्यात न्हाई."

"उताऱ्यात नसलं तरी उत्तरात आहे. मार्क उत्तराला असतात, द्वारकाबाई. उताऱ्याला नसतात."

यावर त्या गप्प बसतील अशी माझी समजूत होती. अकरा वर्षांत या युक्तिवादापुढे एकही विद्यार्थी टिकला नव्हता. द्वारकाबाईंनी सायक्लोस्टाइल केलेला तो कागद पुन्हा नाकासमोर धरला आणि कागदाशी नव्हे, माझ्याशी तर नव्हेच, स्वतःशी बोलायला सुरुवात केली.

"हां. म्हंजे बघ द्वारके, ह्यो नावाडी. ह्येचं पोट कशावर? नावंवर. सरकारनं पूल बांधला. म्हंजे नाव गेली. नाव गेली म्हंजे पोट गेलं. आन् उद्घाटनाला पयला नारळ ह्योच फोडतोय. का फोडतोय? येडा हाय का? येडा न्हाई, मागं कुटं येडा म्हनलेलं न्हाई. मग मधलं काय तरी ऱ्हायलंय. मधलं कुनी तरी खाल्लंय बग."

"द्वारकाबाई, पुटपुटू नका."

"पुटपुटत न्हाई सर. मला सांगतीय."

"तुम्हाला तुम्हीच सांगताय?"

"दुसरं कोन सांगतंय?"

हा टोमणा होता की नाही हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्या काळात मला टोमणे उशिरा कळत.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. आम्ही बसलो होतो शाळेच्या प्रयोगशाळेत, शाळा सुटल्यावर, बरणीतल्या बेडकासमोर. द्वारकाबाई ननवरे आमच्या विद्यालयात रोजंदारीवर सेविका होत्या. घंटा, पाणी, चहा आणि झाडलोट ही त्यांची खाती. वय अडतीस. नवरा वारून सहा वर्षं झालेली. प्रयोगशाळेचे जुने परिचर मे महिन्याअखेर निवृत्त होणार होते आणि ती कायम जागा होती. संस्थेच्या सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, की जूनअखेरपर्यंत दहावी पास झालात तर जागा तुमची. लगेच पुढं त्यांनी हेही सांगितलं होतं, की नाही झालात तर त्यांचा भाचा पास आहे. तो सात वर्षांपासून पास होता आणि तेवढंच करत होता.

द्वारकाबाई सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसत. गणित सुटलं होतं. इंग्रजीत काही समजून घ्यायचं नसतंच, त्यामुळे तिथंही त्या अडल्या नाहीत. राहिली होती ती मायबोली. मराठीत पहिल्यांदा एकोणतीस, दुसऱ्यांदा एकतीस. कारण एकच. त्यांना तोंड मिटून वाचता येत नसे. एक वाक्य वाचलं की ते स्वतःला समजावून सांगायचं, मागच्या वाक्याशी ताडून बघायचं, पटलं तर पुढं जायचं, नाही पटलं तर भांडायचं. पहिल्या वर्षी पर्यवेक्षकानं त्यांना तीनदा गप्प केलं, दुसऱ्या वर्षी पाचदा. तोंड मिटलं की त्यांचं वाचनही मिटायचं. अक्षरं दिसत राहायची, एवढंच.

मुख्याध्यापक रणपिसे सरांनी मला बोलावून घेतलं.

"उंबरजे, बाईंची मराठी तुमच्याकडं. मार्चपर्यंत ती पुटपुट बंद करा."

"सर, शिकवायचं काय?"

"शिकवू नका. गप्प करा. उरलेलं तुमच्या नोट्स करतील."

माझ्या नोट्सबद्दल सांगितलं पाहिजे. तालुक्यात त्यांना नाव होतं. धडे-कवितांच्या नोट्स सगळेच काढतात; माझी खासियत अपठित उताऱ्यांची. अपठित म्हणजे न वाचलेला. परीक्षेत पहिल्यांदाच समोर येणारा उतारा विद्यार्थ्यानं वाचावा, समजून घ्यावा आणि उत्तरं लिहावीत, असा परीक्षा घेणाऱ्यांचा एक भाबडा समज होता. आमच्या विद्यालयात कुठलाही उतारा अपठित राहू नये याची काळजी मी घेतली होती. जुन्या पुस्तकांतून पंचवीस उतारे काढले, त्यांचे स्टेन्सिल कापले, खाली प्रश्न, प्रश्नाखाली उत्तरं. पोरांनी ती पाठ करायची. उतारा वाचायची गरज नाही. पहिली ओळ ओळखली की झालं. दर दोन-तीन वर्षांनी त्यातला एखादा पेपरात पडायचा. नाही पडला तर शेजारचा पडायचा, आणि पोरं शेजारच्याचं उत्तर ठोकून द्यायची. तपासणारे माझ्यासारखेच असत. तेही पहिली ओळ वाचून मार्क देत. अशा रीतीनं त्या उताऱ्यांना कुणाचाही त्रास होत नसे.

नावाड्याचा उतारा सतरा नंबरचा. "एका नदीकाठी एक नावाडी राहत होता." प्रश्न असा, की नावाड्याने पहिला नारळ का फोडला? उत्तर असं, की पुलाचा राखणदार म्हणून नोकरी मिळाल्यामुळे त्यास आनंद झाला. यावरून विज्ञानाच्या प्रगतीने कोणाचेही नुकसान होत नाही हा बोध मिळतो. सहाशे पोरांनी हा बोध घेतला होता. त्यातले निम्मे पुढं सुरत-पुण्याला मिळेल ते काम करायला गेले, पण बोध त्यांच्या तोंडी पक्का होता.

द्वारकाबाईंचं तोंड बंद करण्याचा उपाय मला दुसऱ्या आठवड्यात सुचला. बी.एड.ला असताना आम्हाला मौनवाचनाचे नऊ फायदे पाठ होते. मौन आणायचं कसं, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं. म्हटलं, तोंडात पाण्याचा घोट धरून वाचायचं. गिळला तर उतारा पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी एका उताऱ्याला एक तांब्या लागला.

"काय समजलं?" मी विचारलं.

"पानी पोटात गेलं. उतारा भाइरच ऱ्हायला."

"सवय होईल."

"सर, तुमी वाचताना काय करता?"

"म्हणजे?"

"म्हंजे वाचत असता तवा आत काय चालतंय? कोन बोलतंय का?"

"कोणी बोलत नाही. शांतपणे वाचतो."

"मग तुमाला कोन सांगतंय, ह्येचा अर्थ अमुक हाय म्हनून?"

"अर्थ असतोच, द्वारकाबाई. तो सांगावा लागत नाही."

त्यांनी माझ्याकडं जरा आदरानं पाहिलं. तो आदर मी ठेवून घेतला.

फेब्रुवारीपर्यंत त्या पाण्याचा घोट धरून अख्खा उतारा संपवू लागल्या. पंचवीस उत्तरंही पाठ झाली, कारण पाठ करायला त्यांची ना नव्हती. सतरा नंबरला तेवढं त्यांचं गाडं अडायचं. "नोकरी मिळाल्यामुळे" इथपर्यंत यायच्या आणि घोट गिळायच्या.

"कुनी दिली पर?"

"द्वारकाबाई, नावाड्याची नोकरी सोडा. तुमची बघा."

हे वाक्य त्यांना लागलं असावं. त्या दिवसापासून त्यांनी नावाड्याचं नाव काढलं नाही.

पेपर तालुक्याच्या केंद्रावर होता. मराठीच्या दिवशी मराठीच्या शिक्षकाला पर्यवेक्षणाला घेत नाहीत. त्याला विषय येत असेल असा परीक्षेचा संशय असतो. म्हणून मी आमची एकेचाळीस पोरं आणि द्वारकाबाई यांना आत सोडून समोरच्या एसटी स्टँडवर चहाच्या गाड्यावर बसलो होतो. आत जाताना द्वारकाबाईंनी नमस्कार केला. नवं लुगडं होतं. हातात हॉलतिकीट, दोन पेन आणि पाण्याची बाटली.

"बाटली कशाला?"

"घोट धराया."

पाऊण तासानं केंद्राचा शिपाई मला शोधत आला. केंद्रसंचालकांनी बोलावलंय.

केंद्रसंचालक देवकुळे हे शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर प्रश्नपत्रिका, पुरवण्यांचा गठ्ठा आणि गैरमार्गाच्या नोंदीचा कोरा फॉर्म होता. टेबलासमोर द्वारकाबाई उभ्या. शेजारी त्यांच्या वर्गावरच्या पर्यवेक्षिका शेटे मॅडम, भूगोलाच्या. द्वारकाबाईंची उत्तरपत्रिका मॅडमच्या हातात होती.

"उंबरजे, या बाई तुमच्या?"

"आमच्या शाळेच्या. काय झालं?"

"उत्तरं सांगत होत्या. मॅडमनी पकडलं. फॉर्म भरतोय."

फॉर्म भरला की पेपर रद्द, आणि पुढची परीक्षा ऑक्टोबरला. जून ऑक्टोबरच्या आधी येतो. द्वारकाबाईंना हे माहीत होतं. त्या हॉलतिकिटाची घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या.

"कुनाला सांगत नव्हते सायेब," त्या म्हणाल्या. "मला सांगत होते."

"हे कालपासून तिसरं निमित्त," देवकुळे म्हणाले. "एक जण म्हणाला देवाचं नाव घेत होतो."

"सर, एक गोष्ट माझ्या लक्षात आली," शेटे मॅडम म्हणाल्या. "यांच्या शाळेच्या सगळ्या पोरांनी उताऱ्याचा प्रश्न पाच मिनिटांत संपवला. हूं की चूं नाही. एकदम हुशार मुलं. ह्या एकट्या वीस मिनिटं उतारा वाचतायत. एवढा वेळ उतारा कोण वाचतं? तेव्हाच मला संशय आला."

मी अभिमानानं मान हलवली. पाच मिनिटं म्हणजे आमचा उतारा पडला होता.

"उंबरजे, सरळ विचारतो," देवकुळे म्हणाले. "बाई तुमचं पाठ केलेलं म्हणत असतील तर माझी हरकत नाही. पाठांतर पोरं पुटपुटतातच. तेवढं आपण चालवून घेतो. पण मॅडम म्हणतात, या पाठ केलेलं म्हणत नव्हत्या. समजावून सांगत होत्या."

"समजावून?"

"'म्हणजे असं', 'कारण तसं', 'मग हे का', असं. मॅडमनी लिहून घेतलंय. आता परीक्षेत समजावून कोणाला सांगतात? शेजारणीलाच ना?"

शेटे मॅडमनी रजिस्टरच्या मागच्या पानावरून वाचून दाखवलं. "'नारळ बायकूसाठी फोडला गं द्वारके.' हे दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा डोळे पुसले. खूण असणार."

देवकुळेंनी प्रश्नपत्रिका माझ्यासमोर सरकवली. "मराठीतले तुम्ही. हे उत्तर आहे का?"

मी पाहिलं. "एका नदीकाठी एक नावाडी राहत होता." आणि मला जो काही आनंद झाला तो सांगता येत नाही. सतरा नंबर. पुढची ओळ बघायची गरज नव्हती. सगळा उतारा मला पाठ होता, पंचवीसच्या पंचवीस. स्टेन्सिल मीच कापलेले.

"बायको?" मी म्हणालो. "या उताऱ्यात बायको नाहीच."

"नक्की?"

"अहो, मी अकरा वर्षं हा उतारा शिकवतोय."

देवकुळेंनी खात्री करायची म्हणून ओळींवरून बोट फिरवलं. ते 'बायको' हा शब्द शोधत होते. वरून खाली गेले, खालून वर आले. "खरंच नाही. बायको हा शब्दच नाही कुठं."

"सर," द्वारकाबाई मला म्हणाल्या, "दुसरा परिच्छेद बघा की."

"बाई, आता बोलू नका. आणखी अडचणीत याल."

"पर एकडाव वाचून तरी—"

"द्वारकाबाई," मी म्हणालो, "घोट धरा."

त्यांनी खरंच बाटली उघडली, घोट घेतला आणि तोंड मिटून उभ्या राहिल्या.

देवकुळे विचारात पडले. ते न्यायी होते हे कबूल केलं पाहिजे. "म्हणजे बाई जे सांगत होत्या ते चूक होतं."

"साफ चूक. नावाड्याला नोकरी मिळाली म्हणून त्यानं नारळ फोडला. आमच्या कुठल्याही पोराला विचारा."

"मग हा गैरमार्ग कसा होईल, मॅडम?" देवकुळे म्हणाले. "चुकीचं उत्तर सांगून कोणाचा फायदा? उलट शेजारणीचं नुकसान. आणि शेजारणीनं ते लिहिलंय का?"

शेटे मॅडम म्हणाल्या, शेजारणीनं नोकरीच लिहिलीय.

"झालं तर." देवकुळेंनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. "पण पोरांना त्रास नको. बाईंना व्हरांड्यात बसवा, पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. एकट्या. तिथं त्यांना स्वतःला काय सांगायचं ते सांगू दे. गेलेला वेळ काही भरून मिळणार नाही."

अशा रीतीनं द्वारकाबाईंना काहीच समजलेलं नाही, हे मी तज्ज्ञ म्हणून सिद्ध केलं आणि त्यांचा पेपर वाचवला. त्या खोलीत आम्ही तिघं पदवीधर होतो. प्रश्नपत्रिका टेबलाच्या मधोमध होती. ती एकानंही वाचली नाही. जिनं वाचली होती तिच्या तोंडात पाणी होतं.

मी गाड्यावर परत येऊन दुसरा चहा घेतला. तिथून व्हरांड्याचं ते टोक दिसत होतं. द्वारकाबाई टाकीला टेकून बसल्या होत्या आणि मोकळेपणानं बोलत होत्या. हातवारे करत होत्या. मधेच कुणावर तरी चिडल्या, मग मान डोलावली, मग लिहायला लागल्या. वर्षभरात मी त्यांना असं लिहिताना पाहिलं नव्हतं. चहावाल्यानं विचारलं, "त्या बाईचं डोकं फिरलंय काय वो?" मी म्हणालो, "माझ्या ओळखीच्या नाहीत."

पेपर सुटला. पोरं धावत आली.

"सर, सतरा नंबर. सतरा नंबर पडला."

"लिहिलंत का?"

"तोंडपाठ, सर. बोधासकट."

त्यांना मी चहा पाजला. एकेचाळीस चहा. माझ्या नोकरीतला तो सर्वांत सुखाचा अर्धा तास असावा.

द्वारकाबाई सगळ्यात शेवटी आल्या. मी मोठ्या मनानं म्हणालो, "जाऊ द्या. एका उताऱ्याचे मार्क गेले म्हणून काय झालं? बाकीचं बरं लिहिलंत ना?"

"सर, मधलं गावलं."

"काय?"

"मधलं. कुनी तरी खाल्लेलं. हितं हाय बघा."

त्यांनी प्रश्नपत्रिका उलगडली आणि बोट ठेवलं. एसटी स्टँडच्या त्या गोंगाटात, पोरं भोवती सतरा नंबर, सतरा नंबर करत असताना, मी तो उतारा वाचला. मला वाटतं, पहिल्यांदाच.

पहिला परिच्छेद माझाच होता. नदी, नावाडी, नाव. शेवटचाही माझाच. पूल, उद्घाटन, नारळ. मधे एक होता. "चार वर्षांपूर्वीच्या पुरात नावाडी तीन दिवस काठावर बसून होता. पाण्याला असा ओढा होता, की नाव घालण्याची छाती होईना. डॉक्टर पैलतीरावर होता. चौथ्या दिवशी पाणी ओसरले, तेव्हा डॉक्टरला आणण्याचे कारण उरले नव्हते. तेव्हापासून आपल्या घरची चूल तो स्वतःच पेटवत असे."

"आता बघा सर," द्वारकाबाई म्हणाल्या. "चूल त्यो सवता पेटवतोय. म्हंजे पेटवनारी न्हाई. कवापासनं न्हाई? त्या पुरापासनं. डाक्टर कुनासाठी पायजे हुता? तिच्यासाठी. पूल असता तर डाक्टर आला असता. म्हंजे नारळ त्यो नोकरीसाठी फोडत न्हाई. दुसऱ्या कुनाचं मानूस असं काठाला बसून जाऊ नये म्हनून फोडतोय. त्येची नाव बुडली तरी फोडतोय. लिवलेलं न्हाई कुटं. पर हाय."

मला स्टेन्सिल आठवत होता. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, संध्याकाळी स्टाफरूममध्ये बसून मी सतरा नंबर कापत होतो. पानावर चार बोटं जागा उरली होती. प्रश्न आणि उत्तरं बसवायची होती, नवा स्टेन्सिल मागितला तर रणपिसे सर बोलले असते. मधला परिच्छेद गाळला. गाळल्यावर नारळ का फोडला याचं कारण शिल्लक राहिलं नाही, म्हणून मी नावाड्याला नोकरी दिली. सरकारनं नाही. मी. माणूस अशा वेळी दयाळू होतो.

"कुनी खाल्लं असंल वो मधलं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"छापताना राहिलं असेल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले. त्या स्वतःला काहीतरी समजावून सांगत होत्या, आणि त्या वेळी पहिल्यांदा मला ते ऐकायचं नव्हतं. एसटी आली. पोरं गाणी म्हणत चढली. मी पुढच्या सीटवर बसलो आणि वळून पाहिलं नाही.

निकाल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. द्वारकाबाईंना मराठीत अठ्ठावन्न. सेक्रेटरींनी दिलेला शब्द पाळला. भाच्याचा अर्ज फाडला नाही, पण फायलीत मागे घातला. आमची एकेचाळीस पोरं नेहमीसारखीच पास झाली. तीन सोडून. त्या तिघांना तेहतीस, बत्तीस आणि एकतीस मिळाले. पस्तीसला पास असतं, नावाड्याचा प्रश्न आठ मार्कांचा होता आणि या खेपेला तपासणाऱ्यानं उतारा वाचला असावा. हे गणित मी कुणालाच सांगितलं नाही. मराठीच्या शिक्षकाकडून तशी अपेक्षाही नसते.

रणपिसे सर खूश होते. अडतीस वर्षांची सेविका मराठीत पास झाली, तीही माझ्या पाण्याच्या घोटानं. त्यांनी मला 'मौनवाचनासाठी जलधारण पद्धती' असा नवोपक्रम लिहायला लावला. जिल्ह्यात त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर माझं नाव बरोबर आहे.

सत्कारात बाईंना बोलायला उभं केलं. "उंबरजे सरांनी काय शिकवलं ते सांगा," रणपिसे सर म्हणाले.

"सरांनी मला गप्प बसाया शिकवलं," त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

नापास झालेल्या तिघांची ऑक्टोबरची तयारी अर्थातच माझ्याकडं आली. शंकऱ्या पाटोळे, कमल भुसनर आणि एक अबोल पोरगा, मच्छिंद्र. पहिल्या दिवशी मी नोट्सचा गठ्ठा काढला, सतरा नंबर दिसला, आणि गठ्ठा पुन्हा कपाटात ठेवला. का ठेवला, हे त्यांना काय सांगणार? म्हणालो, चला. त्यांना घेऊन प्रयोगशाळेत गेलो.

द्वारकाबाई बरण्या पुसत होत्या. आता त्या परिचर होत्या, निळा कोट होता.

"बाई, यांना वाचायला शिकवा."

"मी?"

"तुम्ही करता तसं."

त्यांनी फडकं ठेवलं. तिघांना बाकावर बसवलं. एका जुन्या वर्तमानपत्रातला मजकूर समोर टाकला, विहिरीबद्दल काहीतरी होतं.

"तुला घरात काय म्हनत्यात रं?"

"शंकऱ्या."

"मग एक वाक्य वाच आन् शंकऱ्याला सांग. त्येला कळलं का इचार. न्हाई कळलं तर का न्हाई कळलं ते इचार. लगीच फुडं पळू नगंस."

शंकऱ्यानं लाजत सुरुवात केली. मग कमळी. मच्छिंद्र आधी गप्पच होता. मग त्याचा इतका आवाज लागला, की रणपिसे सर खिडकीत आले.

"उंबरजे, इथं गोंगाट कसला?"

"वाचतायत, सर."

"मग आवाज का येतोय?"

"कळत असावं."

त्यांनी तिघांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तपासणीला साहेब येतील तेव्हा बंद ठेवा," म्हणाले आणि गेले.

मी निघायच्या बेतात होतो. द्वारकाबाईंनी स्टूल पुढं सरकवलं.

"सर, तुमी बी बसा की."

"मी कशाला?"

"बसा. कोन बघतंय?"

बसलो. वर्तमानपत्राचा दुसरा अर्धा तुकडा त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"तुमाला घरात काय म्हनत्यात?"

"अहो म्हणतात."

"अहोला कसं समजवायचं? बारीक हुता तवा?"

तिन्ही पोरं वाचायची थांबली होती. मी बेडकाकडं पाहिलं.

"भाल्या," मी म्हणालो.

कमळी फिसकन हसली. द्वारकाबाई हसल्या नाहीत.

"मग भाल्याला सांगा."

पहिलं वाक्य सोपं होतं. विहिरीला पाणी होतं, पण गाव ते पीत नव्हतं. मी चष्मा पुसला, ते पुन्हा वाचलं. पाणी होतं. गाव पीत नव्हतं. का पीत नव्हतं, हे पुढं असेल म्हणून मी सवयीनं खाली उत्तर शोधलं. खाली कागद फाटलेला होता. मग मी मनातल्या मनात म्हणालो, हे बघ भाल्या.

"आवाज येत न्हाई, सर," द्वारकाबाई म्हणाल्या.